नाचणाऱ्या मुलींची झोप

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असा निरोप आपल्या चिटणीसबाईंनी पाठवला, तेव्हा मी कथकविषयी बोलेन, जमल्यास दोन तुकडे करून दाखवीन, अशी त्यांची अपेक्षा असणार. मी विषय कळवला 'झोप'. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो ताई, दुपारी चारची वेळ आहे. विषय झोपेचा ठेवलात तर निम्मे सभागृह प्रात्यक्षिकच करील!" तसे झाले तरी मी रागावणार नाही. ज्या बाईला भरसभेत खुर्चीवर बसल्या बसल्या डुलकी लागते, तिची रात्रीची झोप बहुधा पुरी झालेली नसते. आणि आजचा विषय नेमका तोच आहे.

मी गेली तीस वर्षे मुलींना कथक शिकवते. माझ्या वर्गात सहा वर्षांच्या चिमुरडीपासून विशारदच्या परीक्षेला बसणाऱ्या तरुणीपर्यंत सर्व वयांच्या मुली येतात. या तीस वर्षांत मी त्यांच्या पायांकडे पाहिले, हातांकडे पाहिले, घुंगरांचा आवाज कान देऊन ऐकला. त्यांच्या डोळ्यांकडे मात्र अभिनयापुरतेच पाहिले. त्या डोळ्यांखाली काळे का पडले आहे, हे विचारायचे मला पुष्कळ वर्षे सुचले नाही. ते कसे सुचले, ते आज तुम्हाला सांगायचे आहे.

आमच्या बाई पहाटे पाचला तत्कार सुरू करायला लावीत. "भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा" ही म्हण त्यांच्या तोंडी नेहमी असे. जो खरा दमला त्याला दगडावरही झोप लागते, तेव्हा झोपेची काळजी करायची नसते, दमायची काळजी करायची, असे त्यांचे म्हणणे. शेंडी छताला बांधून रात्रभर रियाज करणाऱ्या गुणीजनांच्या गोष्टी आम्ही मोठ्या भक्तीने ऐकत असू. मीही पुढे माझ्या मुलींना त्याच गोष्टी सांगत आले. त्या गुणीजनांना सकाळी सातला कॉलेजात हजेरी लावायची नव्हती, संध्याकाळी गणिताचा क्लास नव्हता, हे मात्र मी कधी सांगितले नाही. कारण ते माझ्याच लक्षात आले नव्हते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे एक मुलगी होती. तिचे नाव सांगत नाही. वय सोळा, अकरावी शास्त्र शाखा, आणि मध्यमा पूर्णच्या परीक्षेची तयारी. अशी मुलगी शिक्षकाच्या वाट्याला क्वचित येते. तिहाई एकदा ऐकली की तिच्या पायात बसे. दिवाळीच्या सुमारास ती चुकू लागली. काल आलेला तोडा आज विसरे. एखादी लहानशी चूक दाखवली तरी डोळ्यांत पाणी येई. मला वाटले, मुलगी लाडावली, कौतुकाची सवय झाली, आता बोललेले सोसत नाही. एके दिवशी सर्वांसमोर मी तिला म्हटले, "झोपेतून उठून आलीस का?" ती खाली मान घालून म्हणाली, "ताई, झोपलेच नाही." मला ते उद्धट उत्तर वाटले. मी तिला मागच्या ओळीत उभे केले.

पुढच्या आठवड्यात चक्कर घेताना तिचा घोटा मुरगळला. सहा आठवडे विश्रांती सांगितली. परीक्षा हुकली. पाय बरा झाला, तरी ती वर्गात येईना, म्हणून मी तिच्या घरी गेले. तिच्या आईने चहा केला आणि सांगितले की, मुलगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते. अंथरुणावर पडून बोटांनी मात्रा मोजते. "समेवर येत नाही, आई" असे म्हणून रडते. मग त्या माउलीने मुलीचा मोबाईल माझ्यापुढे धरला. आमच्या वर्गाच्या गटावर रात्री साडेअकराला आलेला एक निरोप होता : 'ज्यांची तिहाई उद्यापर्यंत पक्की होणार नाही त्यांनी पुढच्या ओळीत उभे राहू नये.' तो निरोप मीच पाठवला होता. तो पाठवून मी स्वतः दिवा मालवून शांत झोपले होते.

भगिनींनो, झोप न झाल्यामुळेच तिचा पाय मुरगळला, असे मी म्हणणार नाही. पाय मुरगळायला शंभर कारणे असतात. पण त्या दिवसापासून मी या विषयाचे वाचन सुरू केले, जाणत्या डॉक्टरांना विचारले, आणि जे कळले त्याने माझ्या शिकवण्याची घडीच बदलली.

झोपेत मेंदू बंद पडतो, दिवा विझवावा तसा, अशी पूर्वी समजूत होती. १९५३ साली अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी दाखवून दिले की, झोपेच्या काही टप्प्यांत मिटलेल्या पापण्यांआड डोळे झरझर हलत असतात आणि त्या वेळी मेंदू चांगलाच कामात असतो. तेव्हापासून या शास्त्राने मोठी मजल मारली आहे. आपल्या कामाचा एक प्रयोग सांगते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात लोकांना बोटांनी एका ठराविक क्रमाने कळा दाबायला शिकवले. आपण बोटांवर बोल मोजतो, त्यातलाच हा प्रकार. ज्यांनी शिकल्यावर दिवसभर जागून पुन्हा तोच क्रम केला, त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. ज्यांनी मध्ये रात्रभर झोप घेतली, त्यांचा वेग सुमारे २० टक्के वाढला आणि चुका वाढल्या नाहीत. मध्ये एकदाही सराव केलेला नव्हता! विशेष म्हणजे, ही प्रगती रात्रीच्या शेवटच्या भागातील एका प्रकारच्या झोपेशी निगडित असल्याचे आढळले. म्हणजे जी पहाटेची झोप मोडून आपण मुलीला तत्काराला उभी करतो, तीच झोप तिला काल शिकवलेला तुकडा पक्का करून देत असते. रात्री न जमलेली तिहाई सकाळी आपोआप पायात येते, हा अनुभव नाचणाऱ्या प्रत्येकीला आहे. आपण त्याचे श्रेय देवाला देतो. थोडे श्रेय झोपेलाही द्यावे.

आता किती झोप हवी ते पाहू. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली सांगितले. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास. आता आपल्या घरातला हिशेब मांडा. नृत्याचा वर्ग सात ते नऊ. घरी यायला साडेनऊ. हातपाय धुऊन जेवायला दहा. मग अभ्यास बारापर्यंत. अंथरुणाला पाठ टेकते साडेबाराला, आणि सातच्या कॉलेजसाठी उठायचे साडेपाचला. झाली पाच तास झोप. रोज तीन तासांची तूट. सहा दिवसांत अठरा तास. वाण्याची उधारी एवढी थकली तर आपण बेचैन होतो. ही उधारी आपल्या वहीतच नाही.

"मग लवकर का निजत नाही?" असे आपण विचारतो. आपल्याला लहानपणापासून 'लवकर निजे, लवकर उठे' हेच शिकवलेले. पण वयात येताना मुलामुलींच्या शरीरातले घड्याळच पुढे सरकते. अंधार पडल्यावर झोपेची सूचना देणारे मेलॅटोनिन नावाचे द्रव्य या वयात उशिरा पाझरू लागते. म्हणून दहा वाजता मुलीला झोप येत नाही, हा तिचा हट्ट नसतो. त्यात रात्री नऊपर्यंत द्रुत लयीत नाचून आलेली मुलगी. तिचे अंग तापलेले, नाडी जलद, कानात तबला घुमतो आहे. ती घरी आल्याबरोबर झोपावी कशी?

शासनाच्या लक्षात हे थोडे आले आहे. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असा आदेश महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. चांगलेच झाले. पण ज्या वयात घड्याळ सर्वांत पुढे सरकते, त्या वयाच्या मुली अजून सकाळी सातलाच वर्गात बसलेल्या दिसतात.

झोपेचा आणि मनाचा संबंध आपण सगळ्याच जाणतो. रात्री लेकरू किरकिरले की आपण म्हणतो, झोपेला आलंय. तेच मूल सोळा वर्षांचे झाले की आपण म्हणतो, स्वभाव तापट झालाय! २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एक रात्र जागवलेल्या तरुणांना मन अस्वस्थ करणारी चित्रे दाखवली. झोपलेल्यांच्या तुलनेत त्यांच्या मेंदूतील भावना चेतवणारा भाग सुमारे ६० टक्के अधिक खळबळला. विचाराने त्याला आवर घालणारा भाग दुबळा पडला होता. माझी ती विद्यार्थिनी लहानशा चुकीवर रडत होती, ती लाडावलेली होती म्हणून नव्हे, हे मला असे उशिरा समजले.

गंमत अशी की, हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते. झोप नाही म्हणून मन हळवे, आणि मन चिंतेत म्हणून झोप नाही. इथेच आमच्या बाईंची म्हण अपुरी पडते. निजेला धोंडा खरा. पण जिच्या मनावरच धोंडा आहे, तिला गादीवरही झोप लागत नाही. मोठमोठ्या नर्तकांचेही तसेच होते. जर्मनीत २४ व्यावसायिक बॅले नर्तक-नर्तकींच्या झोपेची प्रयोगाच्या आधीचे दोन महिने नोंद ठेवली. २००९ साली ती प्रसिद्ध झाली. पहिला प्रयोग जवळ येत गेला तशी त्यांची झोप सुमारे सात तासांवरून साडेसहा तासांवर आली. जिथे मुरलेल्या कलावंतांची ही स्थिती, तिथे आपल्या सोळा वर्षांच्या मुलीची काय कथा? परीक्षा, स्पर्धा, गॅदरिंग, गणेशोत्सवातले कार्यक्रम. आरशासमोर तासन्‌तास उभे राहून स्वतःतले उणे शोधण्याची शिस्त. शेजारची अधिक सडपातळ, अधिक चपळ, ही बोचणी. नृत्य आनंद देते, तसे हे ओझेही देते. आणि थकलेल्या पायाला इजाही लवकर होते. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे ११२ शाळकरी खेळाडूंची पाहणी झाली. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. रोज आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याचा संभव इतरांच्या १.७ पट आढळला.

हे सगळे परदेशी ज्ञान झाले, असे कोणी म्हणेल. तर आपल्या चरकसंहितेत शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. सुख आणि दुःख, बळ आणि दुबळेपणा, ज्ञान आणि अज्ञान ही सारी निद्रेवर अवलंबून असतात, असेही त्यात म्हटले आहे. आपण मुलीच्या आहाराकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो. दूध प्याली का, भाजी खाल्ली का. दुसऱ्या खांबाला मात्र वाळवी लागलेली दिसत नाही.

आता मी माझ्या वर्गात काय बदलले ते सांगते. शेवटचा वर्ग नऊऐवजी आठला सोडते. त्यासाठी दोन तुकड्या एकत्र कराव्या लागल्या, जागा अपुरी पडली, आणि "फी तीच, मग तालीम कमी का?" असे दोन-तीन पालकांनी विचारलेही. द्रुत लयीचे आणि चक्करांचे काम आधी घेते. शेवटची वीस मिनिटे बसून पढंत किंवा विलंबित लयीतला अभिनय. त्याने अंगही निवते आणि मनही. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नवे काही शिकवत नाही. एखादीची चूक सांगायची तर एकटीला बोलावून सांगते. आणि रात्री आठनंतर गटावर एकही निरोप पाठवत नाही. हा शेवटचा नियम पाळणे मला सर्वांत कठीण गेले, कारण तो माझ्या सवयीविरुद्ध होता.

आपण आयांनी काय करावे? मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांकडून ऐकलेले आणि घरोघर उपयोगी पडलेले सांगते. वर्गाला जाण्यापूर्वी मुलीला पोहे, केळे, असे काहीतरी पोटभरीचे द्यावे, म्हणजे रात्री दहाला भरपेट जेवायची वेळ येत नाही. आल्यावर वरणभात, ताक पुरे. संध्याकाळनंतर चहा-कॉफी देऊ नये. त्यातले उत्तेजक द्रव्य कित्येक तास अंगात राहते. वर्गापूर्वी वेळ असेल तर वीस-पंचवीस मिनिटे पडू द्यावे. तासभर मात्र नको. रविवारी थोडे उशिरा उठू द्यावे, पण दुपार करू नये, नाहीतर सोमवारचे घड्याळ आणखी बिघडते. निजण्यापूर्वी उद्याच्या काळज्या कागदावर लिहून ठेवायला सांगावे. मोबाईल रात्री निजायच्या खोलीबाहेर ठेवावेत, आणि त्यात आपला मोबाईलही असावा. अंथरुणावर पडून बराच वेळ झोप आली नाही, तर तळमळत पडू नये. उठून मंद उजेडात शांत बसावे आणि पेंग आली की परत निजावे. आणि मैत्रिणींनो, रात्री दिवा मालवताना "तयारी झाली का गं?" हा प्रश्न विचारू नये. तो प्रश्न सकाळीही विचारता येतो.

आणखी दोन गोष्टी स्पष्ट बोलते. पुष्कळ घरांत मुलगा निजलेला असला की आपण हळू बोलतो, मुलगी निजलेली असली की हाक मारतो, "ऊठ, चार कपड्यांच्या घड्या घाल." रात्री उशिरा थकून आलेल्या मुलीने मागचे आवरावे आणि भावाने मोबाईल पाहावा, हे बरोबर नाही. आणि दुसरे आपल्या स्वतःविषयी. ज्या घरात आई सर्वांच्या शेवटी निजते आणि सर्वांच्या आधी उठते, त्या घरातली मुलगी न सांगता एक धडा शिकते, की बाईच्या झोपेला किंमत नसते. तो धडा आपणच पुसला पाहिजे.

मात्र घरगुती उपायांनी भागत नाही तेव्हा वेळ घालवू नये. झोप पुरी होऊनही मुलगी सतत थकलेली असेल, तर रक्त तपासून घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक मुलींत रक्तक्षय आढळला आहे. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप लागत नाही असे महिनोन्‌महिने चालले, किंवा दोन आठवडे मन उदास आहे, खाण्यापिण्यात, नाचण्यात, मैत्रिणींत गोडी नाही, "मी नसते तर बरे" असे ती बोलते, तर तिला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. असले बोलणे नाटक म्हणून सोडू नये. भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला देते. झोपेच्या गोळ्या मात्र कोणी शेजारणीने दिल्या म्हणून देऊ नयेत.

तीनताल सोळा मात्रांचा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, आणि नवव्या मात्रेवर खाली. खालीला हात वाजत नाही, उलटा फिरतो. नवशिक्या मुलीला वाटते, इथे काही घडत नाही, मग ही मात्रा टाकली तर काय बिघडले? ती टाकून पाहावी. सम कधी सापडत नाही. दिवसाच्या आवर्तनात झोपेची जागा तीच आहे.

माझी ती विद्यार्थिनी वर्गात परत आली नाही. मी तिच्या घरी जाऊन तिची क्षमा मागितली, तिने हसून नमस्कार केला. पण घुंगरू पुन्हा बांधले नाहीत. परवा ती मला रस्त्यात भेटली. आता इंजिनिअरिंगला आहे. मी विचारले, "कशी आहेस?" ती म्हणाली, "छान आहे, ताई. आता झोप लागते." तिने ते सहज सांगितले, मी मात्र घरी येईपर्यंत तेच वाक्य ऐकत होते. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलीला झोप लागावी म्हणून नाच सोडावा लागू नये, एवढीच आता माझी इच्छा आहे.

आज घरी गेल्यावर आपल्या मुलीला, नातीला, सुनेला एवढेच विचारा : "काल किती वाजता झोप लागली?" आणि ती जे सांगेल ते उपदेश न करता ऐकून घ्या. बाकीचे पुढे आपोआप सुचेल.